खंडाळ्याचा देवगांडूळ आणि त्याचे दूरदेशीचे भाऊबंद

प्रस्तावना

आषाढात मावळची जमीन पाण्याने तुडुंब झाली की ओल्या मातीत, कुजलेल्या पाचोळ्यात, शेणखताच्या उकिरड्याच्या कडेला तीन प्राणी आढळतात: गांडूळ, वाळा आणि देवगांडूळ. तिघेही लांबट, बिनपायांचे, उजेड टाळणारे. घाईत पाहणाऱ्याला ते एकाच घरचे वाटतात. वाळा आणि देवगांडूळ तर साप समजून मारलेही जातात. पण जरा थांबून निरखले की चित्र पालटते. गांडुळाच्या अंगात एकही हाड नाही, जबडा नाही, दात नाहीत. वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात, डोळे खवल्याआड दोन काळ्या ठिपक्यांएवढे उरलेले असतात आणि तो सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढतो, कारण तो सापच आहे. देवगांडुळाची कातडी ओलसर, बुळबुळीत. तिच्यावर डोक्यापासून मागच्या टोकापर्यंत एकामागून एक वळ्या. आत पाठीचा कणा, घट्ट सांधलेली कवटी, बारीक दातांचे जबडे. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंना एकेक इवलीशी स्पर्शिका असते. अशी स्पर्शिका जगातल्या दुसऱ्या कोणत्याही कणाधारी प्राण्याला नाही.

नातेगोते पाहू गेले तर या तिघांची गावे तीन दिशांना. गांडुळाचे जवळचे नातलग म्हणजे पावसाळी वाटेवर आपल्या पायांना चिकटणाऱ्या जळवा. वाळ्याचे नाते नागाशी आणि त्याच्याही मागे जाऊन सरड्या-पालींशी. देवगांडूळ मात्र उभयचर आहे. त्याचे नाते शेताच्या बांधावर ओरडणाऱ्या बेडकाशी आणि आपल्याकडे न दिसणाऱ्या सॅलॅमँडरशी. अंधाऱ्या, अरुंद जागेत घुसत राहणे हाच तिघांचा जीवनक्रम, म्हणून तिघांची शरीरे एकाच घडणीकडे झुकली. पोटापाण्याची गरज सारखी, वंश वेगळे.

दिसण्यातले साम्य आणि रक्ताचे नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे एक सूत्र पक्के झाले तर उत्क्रांतीचा निम्मा विषय हाती आला असे मी मानतो. उरलेला निम्मा म्हणजे हे नाते ओळखायचे कसे, त्याचा पुरावा काय, आणि तो पुरावा खोटा ठरवण्याची सोय कोणती. पुढच्या पानांचा विषय हाच आहे. त्यासाठी गॅलापागोस बेटांपर्यंत जाण्याची गरज नाही. लोणावळा-खंडाळ्याचा घाटमाथा आणि त्याच्या पायथ्याची मावळची खोरी पुरेशी आहेत.

आधी उत्क्रांती घडते कशी ते पाहू. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांची टिपणे एकत्र वाचली गेली आणि पुढच्या वर्षी डार्विनचा ग्रंथ आला. त्यातला गाभा चार वाक्यांत सांगता येतो. एकाच प्रजातीचे जीव एकमेकांपासून थोडे थोडे वेगळे असतात. त्यातले काही वेगळेपण पुढच्या पिढीत उतरते. जगू शकतील त्याहून कितीतरी जास्त जीव जन्माला येतात. ज्यांचे वेगळेपण त्या ठिकाणी, त्या काळी उपयोगी पडते त्यांची संतती अधिक उरते. याला आपण नैसर्गिक निवड म्हणतो. निवड करणारा कोणी नसतो. उरणे आणि न उरणे एवढाच हिशेब असतो.

लोणावळ्याच्या उतारांवरची कारवी हे याचे उत्तम उदाहरण. मावळातल्या घरांचे कूड कारवीच्या काठ्यांचे असत, त्यामुळे हे झुडूप इथल्या माणसाच्या नित्य परिचयाचे. ते सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी आपल्या टापूतल्या सगळ्या कारवीबरोबर एकदम फुलते, बी धरते आणि मरते. इतका उशीर आणि इतका एकोपा कशासाठी? यामागे अशी मांडणी केली जाते: एखादे झुडूप भलत्याच वर्षी एकटे फुलले तर त्याचे सारे बी उंदीर, किडे आणि पाखरे फस्त करतील. सगळा डोंगर एकाच वर्षी बियांनी भरला तर खाणाऱ्यांची पोटे भरूनही भरपूर बी मातीत पडेल. एकटे फुलणाऱ्या झुडपांचा वंश खुंटत गेला, मेळाने फुलणाऱ्यांचा वाढत गेला. कारवीने असे काही ठरवले नव्हते. पिढ्यानपिढ्यांच्या गाळणीतून जे उरले ते आज आपल्यासमोर फुलते.

निवडीइतकेच महत्त्व आहे ताटातुटीला. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही खोरी डोंगरांच्या धारांनी एकमेकांपासून तुटलेली आहेत. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि रेल्वेने ६४ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात जेमतेम सातशेच्या आसपास. माणसाला हा तासाभराचा प्रवास. ओल्या कातडीवर जगणाऱ्या, पावलाएवढ्या अंतरात आयुष्य काढणाऱ्या प्राण्याला कोरडी धार म्हणजे ओलांडता न येणारी सीमा. अशा सीमेच्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या गटांत बदल साचत जातात. काही निवडीमुळे, काही निव्वळ योगायोगाने. पुरेसा काळ लोटला की दोन्ही गट पुन्हा भेटले तरी त्यांचा वंश एकत्र वाढत नाही. एकाच्या दोन प्रजाती झालेल्या असतात. सह्याद्रीत बेडूक, पाली, खेकडे आणि देवगांडूळ यांच्या इतक्या निरनिराळ्या स्थानिक प्रजाती का आहेत, याचे बरेचसे उत्तर या ताटातुटीत आहे.

आता नाते ओळखण्याकडे वळू. गावाकडे आडनाव एक म्हणून कोणी भावकी मान्य करत नाही. सामाईक पूर्वज दाखवावा लागतो. जीवशास्त्रातही तोच दंडक. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली तो काटेकोरपणे मांडला. त्यांचे म्हणणे असे: सगळीच साम्ये पुरावा म्हणून सारखी वजनदार नसतात. पाठीचा कणा वाळ्याला आहे, देवगांडुळाला आहे, तुम्हाआम्हालाही आहे. ती फार जुनी ठेव आहे. तिच्यावरून तिघे कणाधारी एवढेच कळते, त्यांच्यात अधिक जवळचे कोण ते कळत नाही. पाय नसणे ही खूण तर फसवी, कारण पाय निरनिराळ्या वंशांत अनेकदा, स्वतंत्रपणे गेलेले आहेत. मात्र डोळ्याजवळची ती स्पर्शिका नवी आणि एकदाच उपजलेली खूण आहे. ज्यांना ज्यांना ती आहे ते सारे एका पूर्वजाची लेकरे. म्हणजे नाते ठरवताना जुन्या सामाईक खुणा बाजूला ठेवायच्या, वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या सारख्या खुणा ओळखून वगळायच्या, आणि एका शाखेतच नव्याने उपजलेल्या खुणांवर भिस्त ठेवायची.

डीएनएचे वाचन सुलभ झाल्यापासून अशा खुणांचा साठा अफाट वाढला. प्राण्याच्या ऊतीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात, त्यातून डीएनए काढतात, हव्या त्या जनुकाच्या प्रती वाढवतात आणि त्यातल्या अक्षरांची माळ वाचतात. अनेक प्रजातींच्या माळा एकाखाली एक लावल्या की कुठे कोणते अक्षर बदलले ते दिसते. त्यांच्या जोडीला एक मुद्दाम दूरचा नातलग घेतात, म्हणजे कोणते अक्षर जुने आणि कोणते नवे याचा अंदाज येतो. मग संगणक सुरू होतो. केवळ दहा प्रजातींचे नाते जोडी-जोडीने फुटणाऱ्या वृक्षाच्या रूपात मांडायचे म्हटले तरी ३ कोटी ४४ लाखांहून अधिक निरनिराळे वृक्ष शक्य असतात. त्यांतला कोणता वृक्ष हाती असलेल्या पुराव्याशी सर्वांत चांगला जुळतो, आणि पुराव्यातला थोडा भाग बदलून पाहिला तरी तो टिकतो का, हे तपासावे लागते. वंशवृक्ष हे मत नसते. ते एक अनुमान असते, आणि प्रत्येक नवा नमुना त्याची परीक्षा घेतो.

रेणूंनीही फसगत होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. खंडाळ्याच्या घाटात काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड दोन्ही दिसतात. माकड गालांच्या पिशव्यांत खाऊ कोंबते. वानर पाने खातो आणि त्याच्या कप्प्याकप्प्यांच्या पोटात जिवाणू ती पाने आंबवतात. गायीच्या पोटातही हेच चालते. या जिवाणूंना पुढे पचवण्यासाठी दोघांनाही जठरात लायसोझाइम नावाचे प्रथिन लागते. १९८७ साली कॅरो-बेथ स्टुअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी हनुमान वानराचे हे प्रथिन वाचले, तेव्हा त्यातले काही घटक नेमक्या त्याच जागी गायीच्या प्रथिनासारखे बदललेले निघाले. तेवढ्या एका प्रथिनावर विसंबले असते तर वानर गायीकडे सरकला असता! म्हणून एका जनुकावर निर्णय देत नाहीत. अनेक जनुके, हाडांची ठेवण, भ्रूणाची वाढ, जीवाश्म अशा निरनिराळ्या साक्षीदारांची जबानी घेतात. साक्षीदार एकमेकांना ओळखत नसूनही तीच हकीकत सांगू लागले की नाते सिद्ध झाले असे धरतात.

या कसोटीवर खंडाळ्याचा देवगांडूळ घासून पाहिला की जी हकीकत निघते ती मला सह्याद्रीतल्या सर्वांत थोर हकीकतींपैकी एक वाटते. वीतभर लांबीच्या या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९६० साली अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी केले. नमुना पुणे जिल्ह्यातल्या खंडाळ्याचा. शास्त्रीय नाव इंडोटिफ्लस बॅटर्सबाय. पुढे २००४ साली वरद गिरी, डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन यांनी कोयनेच्या परिसरातून त्याच्या भावंडाचे वर्णन केले आणि त्याला महाराष्ट्राचे नाव दिले. २०११ साली जगातल्या सगळ्या देवगांडुळांची नऊ कुळांत फेरमांडणी झाली, तेव्हा त्यातल्या एका कुळाला इंडोटिफ्लिडी हे नाव मिळाले. म्हणजे एका आंतरराष्ट्रीय कुळाची ओळख खंडाळ्याच्या मातीतल्या प्राण्यावरून ठरलेली आहे.

या कुळात खंडाळ्याच्या देवगांडुळाचे आणि पश्चिम घाटातल्या त्याच्या भावंडांचे सर्वांत जवळचे परदेशी नातलग कुठे आहेत? मुंबईपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. उभयचरांच्या कातडीला खारे पाणी सोसत नाही. मग ते तिथे गेले कसे? उत्तर असे की ते गेले नाहीत, जमीनच गेली. सेशेल्सची मुख्य बेटे ज्वालामुखीतून वर आलेली नाहीत. ती जुन्या ग्रॅनाइटची, खंडाच्या तुकड्याची आहेत. गोंडवन हा महाखंड फुटला, मादागास्करपासून भारत आणि सेशेल्स सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटले, आणि पुढे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास सेशेल्स भारतापासून तुटून मागे राहिले. जनुकांतल्या फरकांवरून या दोन शाखांच्या फारकतीचा जो काळ निघतो, तो या घटनेशी ढोबळमानाने जुळतो.

देवगांडूळ समुद्र कधीच ओलांडू शकत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे हे निखळ ज्वालामुखीचे बेट आहे आणि तिथेही देवगांडूळ पोचलेला आहे. म्हणूनच दुसरा साक्षीदार मोलाचा ठरतो. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युइट यांनी केरळमधून जांभळ्या बेडकाचे वर्णन केले. हा बेडूकही वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो, आणि त्याचे जिवंत नातलगही सेशेल्सचेच बेडूक निघाले. दोन स्वतंत्र वंश, बोट मात्र त्याच बेटांकडे. भूगर्भशास्त्राचा पुरावा तिसरा.

आता या हकीकतीतली खरी अवघड गाठ. घाटातून जाताना दिसणारे काळे कातळ हे डेक्कन ट्रॅपचे बेसाल्ट आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला लाव्हा. भूवैज्ञानिकांनी त्यातल्या एका थरसमूहाला खंडाळ्याचे आणि त्याहून मोठ्या गटाला लोणावळ्याचेच नाव दिले आहे. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. मावळ तेव्हा वितळलेल्या दगडाखाली गाडले जात होते. मग ज्या वंशाची मुळे त्याहून जुनी आहेत, तो वंश याच दगडावर कसा? उघडच, त्याचे पूर्वज तेव्हा दुसरीकडे होते. लाव्हा न पोचलेला पश्चिम घाटाचा दक्षिण भाग अशा जुन्या वंशांचे आश्रयस्थान झाला असावा, आणि खडक थंड होऊन, झिजून, माती होऊन, जंगल वाढल्यावर ते उत्तरेकडे पसरले असावेत, असे एक अनुमान आहे. जान्हवी जोशी आणि प्रवीण कारंत यांनी गोमांच्या वंशवृक्षावरून २०१३ साली हा प्रश्न तपासला आणि त्यांना या अनुमानाला आधार मिळाला. आपण ज्याला आदिम म्हणतो तो सह्याद्रीचा कातळ त्याच्यावर वळवळणाऱ्या प्राण्याच्या वंशाहून कमी वयाचा आहे!

वंशवृक्ष हाती असला की आणखीही प्रश्न विचारता येतात. काही देवगांडूळ अंडी घालतात, काही मात्र जिवंत पिलांना जन्म देतात. ही रीत एकदाच उपजली की अनेकदा? २००८ साली गॉवर आणि गिरी यांनी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातले महेश धारणे आणि योगेश शौचे यांच्यासह कोकणातल्या गेगेनिओफिस शेषाचारी या प्रजातीचा अभ्यास मांडला. पिलांना जन्म देणारा आशियातला पहिला उभयचर म्हणून त्यांनी तिची नोंद केली. वंशवृक्षावर ही प्रजाती अंडी घालणाऱ्या नातलगांमध्ये बसते, म्हणजे देवगांडुळांत ही रीत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उपजलेली आहे.

हे सारे ज्ञान चिकाटीने पाहणाऱ्या माणसांच्या जोरावर उभे आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्पॅनिश जेझुइट पाद्री हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पती वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि १९५३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. पुण्यात आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर यांच्यासारख्यांनी सह्याद्रीतल्या बेडकांच्या आणि माशांच्या नव्या प्रजाती नोंदवल्या. नमुना कुठल्या गावचा, कोणत्या तारखेचा, किती उंचीवरचा, या साध्या नोंदीवाचून डीएनएचे वाचनही मुके राहते.

उत्क्रांतीविषयी दोन गैरसमज आपल्याकडे घट्ट रुजलेले आहेत. पहिला, माणूस माकडापासून झाला. घाटातले माकड आपला पूर्वज नाही. आपले आणि त्याचे पूर्वज एक होते, दोघेही त्यांच्यापासून तितकीच वर्षे चालत आलो आहोत. दुसरा, उत्क्रांती म्हणजे पायरीपायरीने वर चढणे. वाळ्याचे डोळे मंदावले, देवगांडुळाचे पाय गेले, आणि तरीही दोघे आपापल्या जागी उत्तम निभावत आहेत. जिथे जगायचे तिथे निभणे हीच कसोटी. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याबद्दल देशातल्या १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढले. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती हे पहिलेच प्रकरण आहे, ही समाधानाची गोष्ट. पण ते प्रकरण गुणांपुरते पाठ होते. ते शाळेमागच्या ओढ्याशी जोडून शिकवले गेले पाहिजे.

म्हणून वाचकांना एक सुचवावेसे वाटते. हे पुस्तक घरात बसून संपवू नका. पावसाळा सरता सरता लोणावळ्याजवळच्या एखाद्या पठारावर जा. कातळावरच्या बोटभर मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवे या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती फुललेल्या असतील. एकीच्या पानांवर चिकट थेंब, दुसरीच्या बुडाशी पाण्यात सूक्ष्म फुगे, आणि दोघींना किडे हवेत ते नत्रासाठी, कारण त्या मातीत नत्र अगदी थोडे. दोघी बहिणी वाटतील. पण दवबिंदूचे नाते राजगिरा आणि निवडुंग यांच्या बाजूचे, तर सीतेच्या आसवांचे कारवी आणि तुळशीच्या बाजूचे. असे का, याचे उत्तर आता तुम्ही स्वतः मांडू शकाल.

आणि एक मागणे. मावळात डोंगरउतार झपाट्याने सपाट होत आहेत. बंगल्यासाठी, रस्त्यासाठी, वाहनतळासाठी जेसीबी चालतो तेव्हा वरची हात-दीड हात माती सर्वांत आधी जाते. कोट्यवधी वर्षांचा वंश त्याच हात-दीड हातात राहतो. आपल्या मालकीच्या जमिनीवर तरी थोडी ओली, पाचोळ्याने झाकलेली माती जशीच्या तशी राहू द्या. मातीत दिसलेल्या अनोळखी प्राण्याला मारू नका, त्याचे छायाचित्र काढा, तारीख आणि गाव लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. खंडाळ्याचे नाव जगातल्या एका कुळाशी जोडले गेले ते अशाच एका नोंदीमुळे. पुढची नोंद तुमची असावी.